टेकवून ओतलेलं पाणी

उल्हासनगर, कॅम्प ४
१८ जून २०२४

दिपेश,

आशीर्वाद वर लिहिला नाही, कारण गेल्या खेपेला तू म्हणालास, तुझे आशीर्वाद तुझ्याकडेच ठेव. ठेवलेत. लिहिले नाहीत म्हणून काही आटत नाहीत.

फोनवर तू मला बंद करून टाकलंयस. तुझ्या बायकोच्या, मनालीच्या फोनवर करावा तर त्या पोरीला बोलणी बसतील. राहिलं टपाल. माझं अक्षर ओळखून न उघडताच फाडशील म्हणून पाकिटावरचा पत्ता खालच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून घेतला. एवढी युक्ती करून तुझ्या घरात शिरलेय, तर आता हाकलण्याआधी ऐकून घे.

जिज्ञासाच्या वाढदिवसाला मी जे बोलले ते मागे घ्यायला हे पत्र नाही. तेच पुन्हा सांगायला आहे.

मला कळतं, वेळ चुकली. हॉलमध्ये तुझे सगळे पार्टनर, बदलापूरची बडी माणसं, बाहेर नवा डंपर हार घालून उभा. तुझ्या घरात आता रीतच पडलीय ना, नवीन गाडी आली की आधी जिज्ञासाला कडेवर घेऊन तिच्यासमोर उभं करायचं. पोरीने बघितलं की मग नारळ. तुझी आई, माई, सगळ्यांना सांगत होती, "आमचे बायच्या डोल्यात लक्ष्मी हाय." आणि लोक वाकून वाकून पोरीच्या डाव्या डोळ्यात लक्ष्मी शोधत होते. तो डोळा नाकाकडे वळलेला. पोर बिचारी माणसांच्या गर्दीकडे बघत होती की स्वतःच्या नाकाच्या शेंड्याकडे, कुणाला ठाऊक.

मला राहवलं नाही. मी एवढंच म्हणाले, माई, ती लक्ष्मी नाही, डोळा आत वळतोय, डॉक्टरला दाखवा.

तुझ्या आईने काय म्हटलं ते मी मनावर घेतलं नाही. भावजय आहे, चाळीस वर्षं ऐकत आलेय. मूल ना बाळ, नि नजर बघा कुठं गेली, असं ती म्हणणारच होती. पण तू मला बाहेर गाडीपाशी नेलंस आणि म्हणालास, "आत्ये, तुझा डोळा गेला, म्हणून माझ्या पोरीचापण जावा असं वाटतं का तुला?"

दिपेश, तुझी आई शेतावर असायची तेव्हा तू माझ्या कमरेवर वाढलास. हे मी हिशोब मांडायला लिहीत नाही. पण हे वाक्य बोलताना तुझी जीभ जराशी तरी अडखळायला हवी होती.

जिज्ञासाच्या दुसऱ्या वाढदिवसाचा फोटो माझ्या भिंतीवर आहे. त्यात दोन्ही डोळे सरळ आहेत, समईच्या दोन वातींसारखे. म्हणजे पोर जन्मली तशी नाही. डोळा नंतर वळायला लागला. तुझा पहिला डंपर त्याच सुमाराला आला, एवढाच काय तो लक्ष्मीचा संबंध. डॉक्टरकडे ने. मला घरात घेऊ नको हवं तर, पण तिला डॉक्टरकडे ने.

आत्या

---

उल्हासनगर
२९ जुलै २०२४

दिपेश,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. पण पाकीट परत आलं नाही, त्यावरून समजते की कुणीतरी उघडलं.

आज तुला माझं गाऱ्हाणं सांगते. ते माझं म्हणून ऐकू नको, तुझ्या पोरीचं उद्याचं म्हणून ऐक.

तू लहान असताना माझ्या एका सवयीला हसायचास. पाणी ओतताना मी तांब्याची कड ग्लासाच्या कडेला टेकवते आणि मगच ओतते. टिंग असा आवाज आला की पाणी सोडायचं. तू त्याला "आत्याची घंटी" म्हणायचास. ती सवय नव्हती रे. तांब्या ग्लासाच्या वर आहे की चार बोटं अलीकडे, हे मला दिसतच नाही. न टेकवता ओतलं तर पाणी ताटात.

मीही तिरळीच. डावा डोळा आत, जिज्ञासासारखाच. पण माझ्या वेळी घरात गाड्या आल्या नाहीत, म्हणून मी चकणी. तिच्या वेळी आल्या, म्हणून ती लक्ष्मी. डोळा तोच.

माझं लग्न झालं आणि देवदर्शनाला आम्हा दोघांना अंबरनाथच्या शंकराला नेलं. त्या देवळाचा गाभारा खाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. आत अंधार, पायऱ्या ओल्या, सगळा दगड एका रंगाचा. तुम्हाला तिथे पायऱ्या दिसतात. मला एक काळा पडदा दिसत होता. शालूचं टोक त्याच्या उपरण्याला बांधलेलं. जमीन आली असं समजून पाऊल टाकलं, ती जमीन नव्हती, अजून पायरी होती. मी गेले ती त्यालाही घेऊन गेले. पिंडीपुढे नवरा-नवरी एकावर एक. सासूने तिथेच कपाळावर हात मारला. पुढे घरात दूध ओतलं तर बाहेर, सुईत दोरा नाही, उंबऱ्याला ठेच, बांधावरून चालताना पाय चिखलात. धांदरट, वेंधळी, पांढऱ्या पायाची. वर्ष सरायच्या आत मला माहेरी, चामटोलीला परत आणून सोडलं. नाचता येईना अंगण वाकडं असं म्हणतात ना, माझं अंगण वाकडं नव्हतं रे. माझं अंगण भिंतीवरच्या कॅलेंडरसारखं सपाट होतं.

आणि हे मला कधी कळलं? मोतीबिंदू काढायला गेले तेव्हा. म्हातारपणी. डॉक्टरीणबाईंनी तपासून विचारलं, आजी, लहानपणी तुम्हाला पट्टी लावली नव्हती का? मी म्हटलं, कसली पट्टी? त्यांनी मान हलवली. त्या हलवलेल्या मानेत माझा सगळा संसार होता, दिपेश.

मग मी वाचायला लागले. चौथी शिकलेली बाई, काय वाचणार. पण वाचनालयातून पुस्तकं आणली, फोनवर मराठीत जे मिळेल ते ऐकलं, त्या डॉक्टरीणबाईंना भंडावून सोडलं. जे समजलं ते माझ्या भाषेत सांगते.

डोळे बघत नाहीत. मेंदू बघतो. डोळे नुसते निरोप आणतात. दोन डोळे चार बोटं लांब बसलेत, म्हणून दोघांचा निरोप जरासा वेगळा असतो. शेजारच्या भांडणाची हकीकत दोन बायका सांगतात ना, एक ओट्यावरून बघितलेली, एक नळावरून, तशी. शहाणी बाई दोघींचं ऐकते, आणि दोघींच्या सांगण्यात जो फरक आहे त्यातूनच ताडते की कोण कुठे उभं होतं. मेंदू तेच करतो. दोन चित्रांतला फरक घेतो आणि त्यातून अंतर काढतो. किती जवळ, किती लांब, किती खोल.

तू तर रोज करतोस. जेसीबीवर बसतोस तेव्हा जांभूळ गावच्या पाण्याच्या पाईपलाईनपासून वीतभर अलीकडे बकेटचे दात थांबवतोस आणि मिशीला पीळ देतोस. तुझ्या अंदाजाची सगळीकडे तारीफ असते. तो अंदाज तुझ्या हातात नाही, बाळा. तुझ्या दोन डोळ्यांच्या एकीत आहे.

आता एक डोळा वळला तर? एक निरोप्या ओट्यावरची गोष्ट सांगतो, दुसरा भलत्याच गल्लीतली. मेंदूला सगळं दुहेरी दिसायला लागतं. मोठं माणूस असेल तर चक्कर येऊन पडेल. पण लहान मुलाचा मेंदू व्यवहारी असतो. दोन सुनांच्या भांडणाला कंटाळलेली सासू काय करते? एकीचं ऐकायचंच सोडून देते. घर शांत होतं. दुसरी सून बोलत राहते, कुणी ऐकत नाही, मग तिचीही बोलायची सवय जाते. डोळा शाबूत असतो, पण घरात त्याला विचारणारं कुणी नसतं.

माझ्यात तेच झालं. सात-आठ वर्षांच्या आत त्या सुनेला परत बोलती केली तर घराची घडी पुन्हा बसते. पुढे पुढे मेंदू हट्टी होत जातो.

जिज्ञासा चार वर्षांची आहे. मी अजून काय सांगू?

आत्या

---

उल्हासनगर
२० सप्टेंबर २०२४

दिपेश,

गणपतीत तुझ्याकडे यायचं टाळलं. तुझ्या दारात पाहुण्यांसमोर शोभा नको. इथेच शेजारी जयदेवभाईंच्या घरी प्रसाद घेतला. ज्यांच्या जीन्सच्या कारखान्यात मी एवढी वर्षं शिलाई केली तेच जयदेवभाई. सिंधी असून दरवर्षी गणपती बसवतात, आणि मला बघितलं की "आओ साईं सखूबाई" म्हणून आरतीचं ताट देतात. माझी शिलाई सरळ यायची, हे त्यांना अजून नवल वाटतं. त्यांना काय सांगू, मशीनवर कापड सपाटच असतं. सपाट जगात माझ्याइतकं सरळ कोण चालणार.

आज तुला एक चांगली गोष्ट सांगायची आहे. आमच्या गल्लीत एक पोर आहे. तिचाही डोळा असाच वळायचा. आई आठवड्यातून तीन दुपारी पार्लरच्या क्लासला येते आणि पोरीला माझ्याकडे ठेवून जाते. आईनेच धीर करून डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्यांनी चष्मा दिला आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी लावायला सांगितली. वाईट डोळ्यावर नाही, चांगल्या डोळ्यावर. ज्या सुनेचं सगळे ऐकतात तिला काही वेळ माहेरी पाठवायचं, म्हणजे दुसरीला तोंड उघडावं लागतं.

पहिले दिवस फार वाईट गेले. पोर पट्टी ओढायची, रडायची, भिंत धरून चालायची. मी तिला मांडीवर घेऊन मूग आणि मटकी एकत्र करून निवडायला बसवायचे. रांगोळीचे ठिपके जोडायला द्यायचे. चिंचेची गोळी बक्षीस. मग मीसुद्धा माझ्या उजव्या डोळ्यावर पट्टी लावली, तिच्या जोडीला. मला तर काहीच दिसेना. मी मुगाऐवजी मटकी उचलली की पोर हसून लोळायची. तिने माझं नाव पट्टीआजी ठेवलंय.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चष्मा लावला की हिचा डोळा बराचसा सरळ होतो, आणि आधी दोन वर्षं सरळ होता, म्हणजे मेंदूला दोन चित्रं जोडायची कला येऊन गेलीय. विसरलाय, मेलेला नाही. हिला आशा चांगली आहे.

तुला आठवतं का, तू लहानपणी अंगणात चेंडू टाकायचास आणि मला कधीच झेलता यायचा नाही? हातात येण्याआधीच मी हात मिटायचे. तू चिडायचास. मग एके दिवशी तुझं तुलाच सुचलं आणि तू चेंडू जमिनीवरून घरंगळत सोडायला लागलास, आत्याला अडवता यावा म्हणून. कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटतं, जगात माझ्या डोळ्याची रीत ओळखणारा पहिला माणूस तूच.

काल त्या पोरीने चष्मा लावून चेंडू झेलला. हवेतला. मी परत टाकला, परत झेलला. मी ओट्यावर बसून रडले आणि ती मला विचारते, पट्टीआजी, तुला लागला का?

तू तुझ्या गच्चीवर जा. मलंगगडाकडे बघ. समोर अंगठा धर. एक डोळा मीट, मग दुसरा मीट. अंगठा इकडून तिकडे उडी मारेल, डोंगर जागचा हलणार नाही. ती उडी म्हणजे अंतर. मी डावा मिटला तर काहीच बदलत नाही, आणि उजवा मिटला तर सगळं धुकं. मला डोंगर लांब आहे हे कसं कळतं? तो फिकट निळा दिसतो म्हणून. झाड जवळचं आहे हे कसं कळतं? ते डोंगराला झाकतं म्हणून. सावलीवरून, लहानमोठ्यावरून, मान डावी-उजवी हलवून मी ताडत जगते. जगता येतं. पण सारखं ताडत राहून माणूस थकतं रे.

मनालीला आशीर्वाद सांग. सांगितलास तर.

आत्या

---

उल्हासनगर
१२ नोव्हेंबर २०२४

दिपेश,

आता लपवायला काही उरलं नाही. गल्लीतली पोर म्हणून जी लिहिली ती जिज्ञासाच. तुला कळलंच आहे, पण माझ्या हातानेही लिहिलेलं असू दे. मनालीने मला विचारून केलं नाही, मीही तिला भरीस घातलं नाही. माझं दुसरं पत्र तू अर्धं वाचून टाकलंस, ते तिने उचललं आणि पुरं वाचलं. दुसऱ्या दिवशी ती पोरीला घेऊन माझ्या दारात उभी होती. म्हणाली, आत्या, तुम्ही म्हणता ते खरं असेल तर मी काय करू? एवढंच. मी म्हटलं, आधी चहा घे.

बाहुलीने घात केला. जिज्ञासाने दिवाळीत बाहुलीच्या उजव्या डोळ्यावर चिकटपट्टी लावली आणि तिला मूग निवडायला बसवलं. तू विचारलंस, हे काय? तिने खरं सांगितलं. चार वर्षांच्या पोरीला खोटं बोलायला आम्ही शिकवलं नव्हतं, ते राहून गेलं.

आणि त्याच आठवड्यात तुझा डंपर जांभूळच्या वळणावर उलटला होता.

तू माझ्या दारात आलास ते मी विसरणार नाही. पोटात अन्न नव्हतं तुझ्या, डोळ्याला झोप नव्हती. गाडीचे हप्ते, अडकलेलं काम, हे सगळं तुझ्या चेहऱ्यावर होतं आणि मला तुझी दयाच येत होती. पाणी देऊ का विचारलं. तू पोरीचा चष्मा ओट्यावर आपटलास. त्याची एक काच निघून मोरीपर्यंत गेली.

"तू माझी लक्ष्मी पुसलीस, आत्ये," म्हणालास. "पोरीचा डोला सरळ झाला नि माझी गाडी उताणी झाली. अजून काय पायजे तुला?"

तेव्हा खाली लोक जमले होते. आता बोलते.

मी चेतनला बघायला गेले होते. तुझा ड्रायव्हर, त्याच्या पायात सळई घातलीय. तो स्वतः म्हणाला, पावसाने रस्त्याची कड खालून पोखरली होती, वरून डांबर शाबूत दिसत होतं, आणि गाडीत माल ठरल्यापेक्षा जास्त होता. माल कुणी जास्त भरायला लावला ते मी त्याला विचारलं नाही. तुला विचारते. की तोही जिज्ञासाच्या डोळ्याने भरला?

जिला तू लक्ष्मी म्हणतोस तिला एका वस्तूच्या दोन दिसायच्या, आणि मग एक दिसायची तीही भिंतीवर चिकटवल्यासारखी. तिच्या आजाराला तुम्ही आरती ओवाळली. माझ्या आईबापाने माझ्याकडे लक्ष दिलं नाही, ते अडाणी होते, गरीब होते, त्यांना मी कधीच माफ केलं. तुला तर डॉक्टर परवडतो, चष्मा परवडतो, तुझ्या हातातल्या फोनमध्ये सगळं लिहिलेलं आहे. तुला ठाऊक आहे आणि तरी तू तिचा डोळा वाकडाच ठेवणार आहेस, कारण तो तुझ्या धंद्याला लागतो. असं मी कुठे ऐकलं नव्हतं. गाडीला लिंबू-मिरची बांधतात तशी तू पोर बांधलीस.

मनालीचा क्लास बंद केलास असं कळलं. शिक्षा मला कर. मला सवय आहे.

चष्मा मी दुरुस्त करून आणलाय. काच शाबूत होती, दांडी नवी टाकली. पट्ट्यांचं अख्खं पाकीट शिल्लक आहे. पट्टी थोडे महिने सुटली तर मेंदू मागे सरकतो, पण अजून परतवता येतो, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी आणून देते, किंवा तू कुणाला पाठव. माझ्या हातून नको असेल तर नवा बनव. मला श्रेय नको. तू सांग सगळ्यांना की तुलाच सुचलं. चेंडूसारखं.

आत्या

---

उल्हासनगर
३ फेब्रुवारी २०२५

दिपेश,

परवा माघी गणपतीला मी चामटोलीला आले, ते न बोलावता. देवाच्या घरी बोलावणं लागत नाही असं मनाला सांगितलं. तू मला बघितलंस आणि मांडवाच्या दुसऱ्या टोकाला गेलास. गावातल्या इंदुबाईंनी मला आपल्या शेजारी जागा दिली, एवढे त्या म्हातारीचे उपकार. मी ओट्यावर भिंतीला टेकून बसले.

ऐकलं की तुला नवं काम मिळालं. चेतन नसला तरी दोन नवे ड्रायव्हर आलेत, अंगणात नवी गाडी उभी होती. पोरीचा चष्मा काढला आणि धंदा परत लागला, हे आता सगळ्या नातेवाइकांत झालंय. मला दोघींनी येऊन सांगितलं. एक तर म्हणाली, सखूबाई, आता तरी पटलं ना? दिपेश, तुझी भरभराट होवो हे मी देवापुढे रोज म्हणते, आणि आता ती भरभराटच माझ्याविरुद्ध साक्षीला उभी आहे. तुझी गाडी उलटली तेव्हा निदान वाद घालता येत होता. तुझ्या सुखाशी मी कसा वाद घालू?

मनाली ताटं वाढत होती. माझ्या पुढे आली, वाकली, आणि खाली बघतच लाडू ठेवून गेली. तिला दोष देऊ नको. मीही देत नाही.

आणि मग माईने जिज्ञासाला पुढे केलं. हिरवं परकर-पोलकं, केसात अबोली, हातात छोटा स्टीलचा जग. पाहुण्यांना पाणी द्यायला. डोळा पहिल्यापेक्षा जास्त आत गेलाय. तुम्ही रोज बघता म्हणून तुम्हाला दिसत नसेल. माई सगळ्यांना ऐकवत होती, बघा गो, एवढीशी पोर, ग्लास भरते तर एक थेंब सांडत नाय. बायका कौतुक करत होत्या. लक्ष्मीच ती, तिच्या हातून काय सांडणार.

ती रांगेने आली. प्रत्येकापुढे थांबायची, मान जराशी डावीकडे, जराशी उजवीकडे. चिमणी करते तशी. मला ती मान ठाऊक आहे. मग जग पुढे आणायची, त्याची चोच ग्लासाच्या कडेला टेकवायची.

टिंग.

आणि मग पाणी.

मांडवात इतका गलका होता, टाळ होते, पोरं ओरडत होती. मला दुसरं काही ऐकू आलं नाही. प्रत्येक पाहुण्यापुढे तेच. टिंग, आणि पाणी. टिंग, आणि पाणी. तू मांडवाच्या टोकाला उभा होतास. तुला ऐकू आलं का, दिपेश? तू तर त्या आवाजाला नाव ठेवलं होतंस.

माझ्यापुढे आली तेव्हा तिला सांगितलेलं असावं माझ्याशी बोलायचं नाही म्हणून, कारण तिने आधी मागे वळून बघितलं. मग ग्लासाला जग टेकवला. मी हळूच विचारलं, बाय, हे तुला कुणी शिकवलं?

"कोणी नाय," ती म्हणाली. "आधी टेकवायचं. मग ग्लास कुठंय ते कळतं."

मला हे शोधायला सासर सोडून यावं लागलं होतं. ती पाच वर्षांचीही नाही आणि तिने एकटीने शोधून काढलं. तुझी पोर हुशार आहे. तिच्या मेंदूने घर शांत केलंय, एका सुनेचं ऐकणं सोडून दिलंय, आणि तुम्ही सगळे टाळ्या वाजवताय की किती गुणाची पोर, घरात भांडण नाही.

ती उद्या शाळेत जाईल. पायऱ्यांना घाबरेल, भित्री म्हणतील. चेंडू सुटेल, वेंधळी म्हणतील. लग्नाच्या वेळी तुझ्याकडे पैसा असेल, कुणा डॉक्टरकडून टाका मारून डोळा सरळ करून घेशील, फोटोत छान दिसेल. तेव्हा लक्ष्मीची गरज संपलेली असेल, जावयाची लागलेली असेल. डोळा सरळ होईल रे, तो कधीही होतो. त्याच्या मागे जे बसलंय ते तोवर उठून गेलेलं असेल. आणि एक दिवस तिच्या तांब्यातलं पाणी ताटात पडेल, आणि कुणीतरी कपाळावर हात मारेल.

चष्मा माझ्या खिडकीत ठेवलाय, पट्ट्यांच्या पाकिटाशेजारी. अजून तिच्या नाकावर बसेल. फार दिवस बसणार नाही, पोरं वाढतात.

मी तो ग्लास हातात धरून बराच वेळ बसले होते. इंदुबाई म्हणाल्या, सखू, पी ना, पोरीने एवढ्या प्रेमाने दिलंय. मग प्यायले.

एक थेंब सांडला नव्हता.

आत्या